एक टक्का की चौथा क्रमांक? बडोद्यातल्या एका वादसभेचा अभ्यास

आमच्या मराठी मंडळाची वादसभा दर श्रावणात दांडिया बाजारातल्या सभागृहात भरते. २०२५चा प्रस्ताव होता : ‘भारतातील आर्थिक विषमता वाढत आहे.’ मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून तीन परीक्षकांत माझी वर्णी लागली. त्या संध्याकाळी आम्ही निकाल दिला नाही. तो आठवडाभर राखून ठेवला आणि दोन्ही बाजूंना आपापले आकडे घेऊन पुन्हा यायला सांगितलं. मंडळात असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे कुरकुर झाली. पण दुसऱ्या बैठकीत जे बाहेर आलं ते इतकं मोलाचं होतं, की सगळं प्रकरण सविस्तर लिहून ठेवायचं मी मनावर घेतलं. ज्या मंडळांत, महाविद्यालयांत, सोसायट्यांच्या गच्चीवर हाच वाद रंगतो, त्यांना याचा उपयोग व्हावा.

वाद काय झाला

प्रस्तावाच्या बाजूने बोलणारी मुलगी सीएची आर्टिकलशिप करते. विरोधात बोलले ते एका पेट्रोकेमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. दोघंही तयारीनिशी आले होते.

मुलीच्या हातात मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला, पॅरिसच्या ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’चा शोधनिबंध होता. नितीन कुमार भारती, लुकास शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची हे त्याचे लेखक. त्यातला आकडा तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला : २०२२-२३मध्ये देशातल्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे, आणि खालच्या निम्म्या लोकांकडे १५ टक्के. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच वरचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता.

काकांनी ५ जुलै २०२५चं सरकारी प्रसिद्धिपत्रक वाचून दाखवलं. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार भारताचा जिनी निर्देशांक (विषमतेचं माप, जितकं कमी तितकी समानता जास्त) २५.५, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस यांच्यानंतर आपला नंबर, म्हणजे जगातला चौथा सर्वांत समान देश. शिवाय २०११-१२मध्ये हाच आकडा २८.८ होता. म्हणजे विषमता घटली.

मुलगी उसळून म्हणाली, ‘‘काका, एक टक्का लोक पाचातला एक रुपया घेऊन जातात आणि तुम्ही आपल्याला चौथा नंबर देताय?’’

‘‘अगं, तुझा आकडा पॅरिसला बसून जुळवलेला आहे. माझा आकडा अडीच लाखांहून जास्त घरांत जाऊन विचारलेला आहे.’’

‘‘घरांत जाऊन काय विचारलं ते सांगा ना. पगार विचारला का?’’

काका क्षणभर थांबले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, ‘‘आकडे काय हो, वळवाल तसे वळतात. डोळ्यांना दिसतं तेच खरं.’’ त्या संध्याकाळी सगळ्यात जोराच्या टाळ्या या वाक्याला पडल्या.

निकाल राखून ठेवायचं आम्ही ठरवलं ते या टाळ्यांमुळे. डोळ्यांना काय दिसतं हे बडोद्यात तुम्ही कुठे राहता, कुठे काम करता यावर ठरतं. वासणा रोडवर संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्याला एक शहर दिसतं, मकरपुरा जीआयडीसीच्या फाटकाशी सकाळी हजेरीसाठी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला दुसरंच दिसतं. आकडे बाजूला सारले की सभागृहात ज्याचा आवाज मोठा त्याचा अनुभव देशाचा अनुभव ठरतो. आणि त्या सभागृहात कंत्राटी कामगार एकही नव्हता.

चौथा नंबर कशाचा

काकांचा आकडा घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीतून येतो. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात ती झाली, २,६१,७४६ घरं त्यात होती. माणशी मासिक खर्च गावात ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये निघाला. जिनी गुणांक म्हणजे सगळ्यांकडे सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडेच असेल तर एक. (जागतिक बँक त्याला शंभराने गुणून सांगते, म्हणून २५.५.) खर्चाचा हा गुणांक गावांत २०११-१२च्या ०.२८३वरून ०.२६६वर आणि शहरांत ०.३६३वरून ०.३१४वर उतरला. २०२३-२४मध्ये तो आणखी खाली आला : ०.२३७ आणि ०.२८४.

आकडे खरे आहेत. पाहणी प्रामाणिकपणे झाली, याबद्दलही मला शंका नाही. पण तिने विचारलं ते एवढंच : तुम्ही किती खर्च केला? मिळवलं किती, हे विचारलंच नाही. महिना वीस हजार मिळवणारं घर जवळजवळ सगळं खर्च करतं. महिना पाच लाख मिळवणारं घर कितीही हौसेने राहिलं तरी बराच पैसा शिल्लक टाकतं, आणि शिल्लक खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. म्हणून खर्चाची विषमता उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा सहसा कमी येते, बहुतेक सगळ्या देशांत. युरोपातल्या बहुतेक देशांचे जिनी उत्पन्नावरून काढलेले असतात. आपला खर्चाचा जिनी त्यांच्या उत्पन्नाच्या जिनीशेजारी ठेवून नंबर लावायचा, हे मला मान्य होण्यासारखं नाही. काकांना मी हे सभेतच सांगितलं.

हा खर्चाचाच आकडा तरी पूर्ण आहे का? दुसऱ्या बैठकीला एक ताई आल्या होत्या. त्या डबे पुरवतात. त्यांचं घर या पाहणीच्या नमुन्यात आलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘तीन खेपा झाल्या त्यांच्या. एकदा तेल किती, डाळ किती, दूध किती. एकदा रिचार्ज, रिक्षा, पोराची फी. एकदा पंखा, फ्रिज, असल्या वस्तू. मी वही काढूनच बसले. आमच्या मागच्या बंगल्यात मात्र वॉचमननेच परत पाठवलं त्यांना. शेठ बाहेरगावी आहेत म्हणे. दोन्ही वेळा बाहेरगावी.’’

एका ताईंचा अनुभव म्हणजे देशाचा पुरावा नव्हे, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. पण आकडा कुठे गळतो ते यातून समजतं. पाहणीला आलेल्याला घरात घेतलं नाही की त्या घराच्या जागी दुसरं घर घेतलं जातं. दार न उघडणारी घरं सगळ्या थरांत सारखी विखुरलेली असती तर बिघडलं नसतं. पण दारावर वॉचमन असणं, सायंकाळी घरी कुणी न सापडणं, अनोळखी माणसाला पैशाचं सांगायची तयारी नसणं, हे वरच्या थरात जास्त असतं. जगभरातल्या पाहण्यांत हेच आढळलं आहे. आपल्या पाहणी करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून २०२२-२३मध्ये शहरांत दहा लाखांहून महाग मोटार असलेल्या घरांचा वेगळा गट करून त्यांतूनही नमुना घेतला. चांगली सुधारणा आहे. पण २०११-१२मध्ये घरं निवडण्याची पद्धत वेगळी होती, खेपाही वेगळ्या होत्या, त्यामुळे ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक किती खरा आणि किती पद्धतीचा, हा प्रश्न उरतोच. मधल्या काळाचा आधारही नाही, कारण २०१७-१८च्या पाहणीचे निष्कर्ष दर्जाच्या कारणावरून सरकारने प्रसिद्धच केले नाहीत.

फळ्यावरची दहा घरं

इथवर आल्यावर लोक कंटाळतील अशी भीती होती, म्हणून मी फळ्यावर एक काल्पनिक गल्ली काढली. दहा घरं. महिन्याचं उत्पन्न हजारांत असं : १२, १५, १८, २०, २५, ३०, ४०, ६०, १२० आणि शेवटच्या घराचं ६६०. एकूण दहा लाख. वहीवर हिशेब करून पाहावा. या गल्लीचा उत्पन्नाचा जिनी ०.६८ येतो.

आता याच घरांचा खर्च लिहिला : १२, १४, १६, १८, २०, २३, २८, ३५, ५५ आणि शेवटच्या घराचा १५०. खर्चाचा जिनी ०.४५. गल्ली तीच, माणसं तीच, कुणाच्या खिशातला एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही.

मग शेवटच्या घराचं दार मी पुसून टाकलं. शेठ बाहेरगावी. उरलेल्या नऊ घरांच्या खर्चाचा जिनी आला ०.२७.

सभागृहात शांतता होती. काकांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला, सगळा हिशेब पुन्हा केला आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ मग म्हणाले, ‘‘पण बाई, तुम्ही शेवटच्या घराला मुद्दाम ६६० दिलेत.’’ त्यांचं बरोबर होतं. १६० दिले असते तर उत्पन्नाचा आकडा बराच खाली आला असता. मी दाखवलं ते एवढंच की ०.६८ आणि ०.२७ हे एकाच गल्लीचे दोन खरे आकडे असू शकतात. देश त्या गल्लीसारखा आहे की नाही, हे कळायला शेवटच्या घराचं उत्पन्न दुसरीकडून काढावं लागतं. तिथून मुलीच्या आकड्याकडे यावं लागतं.

एक टक्क्याचा आकडा कसा बनतो

श्रीमंतांनी पाहणीवाल्याला दार उघडलं नाही तरी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरावं लागतं. १९२२च्या कायद्यापासूनची ही कोष्टकं, राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब आणि घरोघरच्या पाहण्या असं सगळं एकत्र करून हा आकडा तयार होतो. ‘पॅरिसला बसून जुळवलेला’ हे काकांचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे. पण जुळवलेला म्हणजे खोटा, असं होत नाही. कुठे काय जुळवलं ते पाहायचं असतं. इथे काकांनी खरोखर अभ्यास केला होता, आणि त्यांचे आक्षेप मला पहिल्या दिवसापेक्षा फार वजनदार वाटले.

पहिला आक्षेप : १९७३-७४मध्ये प्राप्तिकराचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. शंभर रुपये दाखवले तर सव्वादोन रुपये हाती उरायचे. अशा काळात श्रीमंत माणूस उत्पन्न दाखवेल कशाला? १९८५मध्ये हा दर ५० टक्क्यांवर आणि १९९७मध्ये ३० टक्क्यांवर आला, तसं उत्पन्न हळूहळू कागदावर यायला लागलं. म्हणजे सहा टक्के ते २२.६ टक्के या वाढीतला काही भाग नुसता लपलेला पैसा उजेडात आल्याचा असू शकतो.

दुसरा आक्षेप : २००० नंतर करदात्यांची तपशीलवार कोष्टकं प्रसिद्ध होणं बंद पडलं, ती २०१६मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली वर्षं अंदाजाने भरलेली आहेत.

तिसरा सगळ्यात अवघड. देशातले बहुसंख्य लोक कर भरण्याइतकं कमावतच नाहीत. त्यांचं उत्पन्न खर्चाच्या पाहणीवरून काढावं लागतं, आणि खर्चावरून उत्पन्नाकडे जायला एक गृहीतक लागतं. ते बदललं की मधल्या आणि खालच्या थरांचा वाटा बदलतो, आणि त्याबरोबर वरच्या एक टक्क्याचाही. शिवाय हे उत्पन्न कर आणि मोफत धान्य धरण्याआधीचं आहे. जवळपास ८१ कोटी लोकांना मोफत धान्य मिळतं, ते यात येत नाही.

मुलीने मग उलट बाजूच्या गळत्या मांडल्या, आणि त्या तिच्या रोजच्या कामातल्या होत्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे मोठ्या बागायतदाराची कमाई या कोष्टकांत तोकडी दिसते. कंपनीने नफा वाटला नाही, कंपनीतच ठेवला, तर तो मालकाच्या विवरणपत्रात येत नाही. ‘‘घरातल्या चौघांच्या नावे चार फायली असतात, काका. मी रोज बघते.’’ या गळत्यांमुळे वरचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

मग तिने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं वाटलं. ती म्हणाली, ‘‘काका, तुमचं सगळं मान्य करते. १९८२मध्ये श्रीमंतांनी निम्मं उत्पन्न लपवलं होतं असं धरा. मग सहाचे बारा करा. आजचा आकडा पाव हिश्शाने फुगवलाय असंही धरा. मग २२.६चे सतरा होतात. बाराचे सतरा झाले. वाढ झाली की नाही?’’

काका म्हणाले, ‘‘झाली. पण मग चौपट झाली असं म्हणू नकोस.’’

‘‘नाही म्हणत.’’

विषमतेवरचा इतका सरळ संवाद मी टीव्हीवरच्या कुठल्याही चर्चेत ऐकलेला नाही. दोघांनीही आपला आकडा सोडला नाही, पण त्याला कुठवर ताणायचं याची हद्द मान्य केली. पुरावा कच्चा असला म्हणून तो टाकाऊ होत नाही. कोणत्या दिशेला आणि साधारण किती कच्चा आहे हे कळलं, की तेवढ्यावरही निष्कर्ष उभा राहतो. खर्चाच्या पाहणीतल्या दोन्ही मोठ्या गळत्या, शिल्लक न दिसणं आणि वरची घरं सुटणं, विषमता कमी दाखवणाऱ्या आहेत. त्यामुळे तिच्यावरून ‘विषमता निदान इतकी तरी आहे’ म्हणता येतं, ‘इतकीच आहे’ म्हणता येत नाही. कराच्या आकड्यांत गळत्या दोन्ही दिशांना आहेत, म्हणून तिथे टक्क्याच्या दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. दिशा मात्र भक्कम आहे.

तिसरी साक्षही उपलब्ध आहे, आणि ती पॅरिसची नाही. ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’ ही पाहणी दिल्लीच्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाने मिळून केली : २००४-०५मध्ये ४१,५५४ घरं, २०११-१२मध्ये ४२,१५२. तिथे उत्पन्न थेट विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्पन्नाचा जिनी ०.५च्या वर आला. आणि ज्या जागतिक बँकेच्या टिपणातून काकांचा २५.५ आला, त्याच टिपणात सांगितलं आहे की माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असावी, आणि (पॅरिसच्याच ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस’नुसार) उत्पन्नाचा जिनी २००४मधल्या ५२वरून २०२३मध्ये ६२वर गेला आहे. काकांच्या हातातल्या पत्रकात हे वाक्य नव्हतं. त्यांनी मूळ टिपण शोधून वाचलं आणि ते वाक्य दुसऱ्या बैठकीत स्वतःच वाचून दाखवलं. त्यासाठी मी त्यांना जास्तीचे गुण दिले.

दिवाणसाहेबांची सरासरी

एक गोष्ट मधेच राहून गेली. पहिल्या दिवशी काकांनी ओघात गावाचा ०.२६६ आणि शहराचा ०.३१४ यांची बेरीज केली, दोनाने भागलं आणि देशाचा जिनी ०.२९ असल्याचं सांगितलं. असं भागता येत नाही. गावात आणि शहरात राहणारे लोक समसमान नाहीत, आणि दोन गटांच्या आतली विषमता जोडली तरी गाव-शहरांतली दरी त्यात येत नाही. गंमत अशी की जागतिक बँकेचा ०.२५५ तर या दोन्ही आकड्यांच्याही खाली आहे, कारण बँक ठिकठिकाणच्या किमतींतला फरक काढून टाकून खर्चाची फेरमांडणी करते. एकाच पाहणीच्या वहीतून दोन पद्धतींनी दोन उत्तरं.

त्यावर आमच्यातल्या तिसऱ्या परीक्षकांनी, ते इतिहासाचे अभ्यासक, दादाभाई नौरोजींचं नाव काढलं. दादाभाई १८७४मध्ये बडोद्याचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर, १८७६मध्ये, त्यांनी भारताच्या दारिद्र्यावरचा निबंध मुंबईत वाचला आणि दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचं दाखवलं. त्या निबंधात त्यांनी सरकारी अहवालांची याच चुकीवरून झाडाझडती घेतली आहे. अहवाल लिहिणारे जिल्ह्याजिल्ह्याच्या सरासऱ्यांची बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. दहा लाख एकर पिकवणारा जिल्हा आणि पन्नास हजार एकर पिकवणारा जिल्हा, दोघांना वजन सारखंच. दादाभाईंनी प्रांतवार मुख्य पिकाचं क्षेत्र, एकरी उतारा आणि भाव घेऊन हिशेब नव्याने मांडला, आणि निघालेलं उत्पन्न तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिलं.

पुढे १८८२मध्ये बेरिंग आणि बार्बर या सरकारी अधिकाऱ्यांनी २७ रुपये काढले, १९०१मध्ये कर्झनने ३० सांगितले. पंचवीस वर्षं या आकड्यावर भांडण चाललं. पण वीस घ्या, सत्तावीस घ्या, तीस घ्या, माणूस वर्षभर कसा जगतो हा प्रश्न तसाच उभा राहत होता. आकडा वादग्रस्त आहे म्हणून दारिद्र्याची चर्चाच बंद करा, असं दादाभाई कधी म्हणाले नाहीत. मागच्या रांगेतल्या आजोबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी वहीत ‘०.२७’ लिहून घेतलेलं मी पाहिलं.

निकाल

निकाल एकमताने झाला नाही. आम्ही दोघांनी मुलीच्या बाजूने मत दिलं, इतिहासवाल्या परीक्षकांनी काकांच्या. त्यांचं म्हणणं असं की, प्रस्तावात ‘आर्थिक विषमता’ एवढंच होतं, उत्पन्नाची का खर्चाची हे सांगितलेलं नव्हतं. आणि गोरगरिबाच्या जगण्याला खर्चच जास्त जवळचा. त्यात तथ्य आहे. गावांतल्या खर्चातला अन्नाचा वाटा २०११-१२मध्ये ५२.९ टक्के होता, तो २०२२-२३मध्ये ४६.४ टक्क्यांवर आला. म्हणजे पोटापलीकडच्या गोष्टींसाठी खालच्या घरांत थोडी जागा झाली आहे, आणि हे कुणी नाकारू नये. विषमतेवर बोलणारे पुष्कळदा हे नाकारतात, आणि मग ऐकणाऱ्याचा त्यांच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

तरी माझं मत मी बदललं नाही. उत्पन्न म्हणजे नुसतं आजचं खाणं-लेणं नव्हे. शिल्लक पडते ती पुढे जमीन होते, फ्लॅट होतात, शेअर होतात, मुलाची परदेशातली फी होते, निवडणुकीतली देणगी होते. खर्चाच्या वहीत न दिसणारा पैसाच पुढच्या पिढीची शर्यत कुठून सुरू होणार ते ठरवतो. त्याचं मोजमाप टाळून ‘चौथा नंबर’ मिरवणं मला गैर वाटतं, आणि हे मी सभेत स्पष्ट बोलले.

मंडळाने वादसभेचा एक नियम बदलला. यापुढे आकडा सांगणाऱ्याने त्यासोबत तीन गोष्टी सांगायच्या : काय मोजलं, कुणाला विचारलं, कोण सुटलं. न सांगितल्यास गुण कापले जातील. नियम दोन्ही बाजूंना सारखा. आपल्याला आवडलेल्या आकड्याला हे तीन प्रश्न विचारायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

उत्पन्न थेट विचारलं तर

शेवटी एकाने विचारलं, मग सरकार उत्पन्नच का विचारत नाही? विचारून पाहिलं आहे. नेहरूंनी १९६०मध्ये संसदेत प्रश्न केला होता, की योजनांमुळे वाढलेलं उत्पन्न गेलं कुणाकडे. त्यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६४मध्ये आला. राष्ट्रीय नमुना पाहणीनेही १९५०-६०च्या दशकांत प्रयोग म्हणून उत्पन्नाची माहिती गोळा केली. पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरायला लागलं, आणि तो नाद सोडून देण्यात आला. १९८३-८४मध्ये पुन्हा एक चाचणी झाली, तीही पुढे गेली नाही. मग केंद्र सरकारने २०२५मध्ये घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी जाहीर केली, फेब्रुवारी २०२६पासून सुरू करायची. ऑगस्ट २०२५मधल्या पूर्वचाचणीत जवळपास ९५ टक्के लोकांनी हे प्रश्न नाजूक असल्याचं सांगितलं.

मी सभागृहात विचारलं, तुमच्या दारी आले तर खरं उत्पन्न कोण सांगेल? काकांनी हात वर केला. पेन्शन आहे, लपवायचं काय, म्हणाले. आणखी काही हात वर आले, जवळजवळ सगळे पगारदार किंवा पेन्शनर. दुकानं असलेले, भाड्याने खोल्या दिलेले, शिकवण्या घेणारे हात खालीच ठेवून होते. डबेवाल्या ताईंचाही हात खाली होता. मला नवल वाटलं, कारण खर्चाची वही याच ताईंनी उघडून दाखवली होती.

त्या म्हणाल्या, ‘‘तेल-डाळ सांगायला काय जातं? पण डब्यांतून महिन्याला माझे किती सुटतात, ते मी घरात सगळ्यांच्या देखत नाही सांगणार. ते पैसे माझ्या मुलीच्या कॉलेजचे आहेत. त्यांना कळले तर दुसऱ्याच कुठल्या कामाला जातील.’’

वरच्या घराचं दार उघडत नाही, एवढाच विचार आम्ही दोन बैठका करत होतो. खालच्या घरात दार उघडं असतं, चहासुद्धा मिळतो, आणि तरी एक उत्पन्न कागदावर येत नाही. कारण प्रश्न घरच्या कर्त्याला, सगळ्यांसमोर विचारला जातो. नव्या पाहणीत बायकांच्या कमाईचे प्रश्न त्यांना एकटीला आणि स्त्री प्रगणकाने विचारावेत, अशी सूचना आम्ही मंडळाच्या वतीने पत्राने पाठवायचं ठरवलं. मसुदा मुलीने आणि काकांनी मिळून केला, आणि ताईंनी तो वाचून त्यात ‘घरातली बाकीची माणसं कामाला गेल्यावर, दुपारी’ एवढे शब्द वाढवले.